वार छापलेलं पाकीट

शनिवार पेठेत द्वारकाबाईंना ओळखत नाही असा माणूस सापडलाच, तर तो पेठेत नवा तरी असावा, नाहीतर त्याच्या घरात बऱ्याच वर्षांत पाळणा हललेला नसावा. बाळंतविडा शिवावा तर द्वारकाबाईंनीच. झबली, टोपडी, दुपटी आणि सगळ्यांत वर घडी घालून ठेवलेली खणाची कुंची, बाळाचं डोकं झाकून पाठीवर रुळणारी. शिवण अशी, की आतली बाजू कुठली नि बाहेरची कुठली हे बाळाच्या आत्याला चष्मा लावूनही कळू नये. आणि बारशाला आलेली आत्या खोड काढायलाच आलेली असते, हे काय वेगळं सांगायला हवं?

त्यांचे यजमान रंगनाथराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. ब्याण्णव साली एका सकाळी दाढी करताना छातीत कळ आली नि गेले. गालावरचा साबणसुद्धा पुसायला सवड मिळाली नाही बिचाऱ्यांना. क्वार्टर सोडावी लागली. एकुलता एक योगेश आणि पायमशीन घेऊन बाई शनिवार पेठेत दोन खोल्यांत येऊन राहिल्या. आधी हौसेनं शिवायच्या, आता पोटासाठी शिवायला लागल्या.

आणि दिवसही असे पालटले, की शिवण पुरेना. पुण्यातली पोरं संगणक शिकली, अमेरिकेला गेली, मागोमाग सुना गेल्या, आणि सुनांची बाळंतपणं करायला ज्यांनी कधी लोणावळा ओलांडला नव्हता त्या सासवा विमानात बसायला लागल्या. तिकडे सगळं मिळतं हो, पण खणाची कुंची कुठून मिळणार? लक्ष्मी रोडवरचे कापडवाले श्यामसुंदरराव स्कूटरवर गठ्ठा घालून स्वतः कापड आणून द्यायचे. साठीचा दमेकरी माणूस. जिना चढून आला की आधी धापा टाकायचा, मग चहा प्यायचा, मग जावयाला शिव्या द्यायचा आणि निघून जायचा.

साऱ्या पेठेच्या कुंच्या शिवता शिवता द्वारकाबाईंच्या मनात एकच हाव घर करून बसली होती. योगेशच्या बाळाची कुंची आपण शिवायची, आणि ते बाळ तिच्यात कसं दिसतं ते डोळे भरून बघायचं. बाकी देवाकडे त्यांचं काही मागणं नव्हतं.

पाळी त्यांची लवकर गेली. शेजारणी म्हणाल्या, सुटलीस एकदाची. कसलं सुटणं! भर थंडीत अंगातून अशी वाफ उसळायची, की ब्लाऊज पाठीला चिकटायचा, तोंड लालबुंद व्हायचं आणि मशीन सोडून मोरीत जाऊन मानेवर पाणी मारावं लागायचं. झोप उडाली. कुणी साधी हाक मारली तरी रडू यायचं. शेवटी अप्पा बळवंत चौकाच्या पुढे डॉक्टर खांबेटेबाईंचा दवाखाना होता, तिथे गेल्या. खांबेटेबाई बायकांच्या डॉक्टर. हाताला गुण, तोंडाला तिखट. त्यांनी रक्त तपासलं तर साखरही निघाली.

"दोन गोष्टी आहेत," बाई म्हणाल्या. "वाफा येतात त्याला ह्या हार्मोनच्या गोळ्या. थोडे दिवस घ्यायच्या, मग मी सांगेन तेव्हा बंद. ह्या दुसऱ्या साखरेच्या. ह्या मी सांगितलं तरी बंद करायच्या नाहीत, समजलं? आणि दर वर्षी डोळ्यांत थेंब घालून आतला पडदा तपासून घ्यायचा. साखर डोळा पोखरते तेव्हा डोळा दुखत नाही की लाल होत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. शिवण करता ना? मग लक्षात ठेवा."

ठेवलं की लक्षात! पहिल्या वर्षी डोळे दाखवून आल्या. पडदा ठणठणीत. वाफा थांबल्या, झोप लागायला लागली, साखर आवाक्यात आली. मशीन चालवताना बाई चक्क गुणगुणायला लागल्या. दोन्ही गोळ्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बटणांच्या डबीखाली ठेवलेल्या असत. हार्मोनच्या गोळ्यांच्या पाकिटावर वार छापलेले होते, म्हणजे कुठल्या दिवशी घेतली नि कुठल्या दिवशी राहिली ते कळावं. चांगली सोय होती. त्या सोयीनंच घात केला.

सत्त्याण्णवच्या दिवाळीआधीची गोष्ट. योगेशला सॉफ्टवेअरच्या कंपनीत नुकतीच नोकरी लागली होती. निघायच्या वेळी शर्टाचं बटण तुटलं, म्हणून त्यानं ड्रॉवर उघडला, आणि बटणांच्या डबीखाली त्याला ते पाकीट मिळालं. निम्म्या गोळ्या संपलेल्या. असली वार छापलेली पाकिटं त्यानं टीव्हीच्या जाहिरातीत बघितली होती. मूल नको असलेल्या बायका घेतात, ती. श्यामसुंदरराव नुकतेच जिना उतरून गेले होते. त्यांचा चहाचा कप अजून खाली सतरंजीवरच होता.

"आई, हे काय आहे?"

उत्तर एका ओळीचं होतं. पाळी गेली, अंगाची लाही होते, डॉक्टरांनी दिल्यात. संपलं! पण ज्या घरात पोराला जन्मभर "आईला कावळा शिवलाय, हात लावू नकोस" एवढंच सांगितलेलं, त्या घरात बावीस वर्षांच्या मुलापुढे पाळी हा शब्द काढायचा? आणि मेली ती वाफ, किती महिन्यांत आली नव्हती, ती नेमकी तेव्हाच उसळली. तोंड लालेलाल झालं, कपाळावर घाम डवरला. चोरी पकडल्यावर माणसाचं जसं होतं, अगदी तसंच.

"बायकांचं असतं ते," त्या कशाबशा म्हणाल्या. "ठेव आत."

"बायकांचं?" योगेशनं पाकिटाकडे बघितलं, मग खालच्या कपाकडे. "बाबांना जाऊन पाच वर्षं झाली, आई." पाकीट त्यानं मशीनवर टाकलं. "श्यामसुंदरकाकांना सांग, कापड मी दुकानातून आणत जाईन. त्यांनी वर यायची काही गरज नाही."

तो निघून गेला. खालच्या फाटकाची कडी वाजली तेव्हा कुठे द्वारकाबाईंना उमजलं, पोरगं आपल्याला काय म्हणून गेलं ते. उभ्या होत्या, त्या स्टुलावर टेकल्या, आणि त्याचं तुटलेलं बटण त्यांनी मुठीत घट्ट धरलं.

अरे गाढवा, पाकीट उलटं करून तरी वाचायचं होतंस! इंग्रजी शिकलास, संगणकाशी बोलायची भाषा शिकलास, आणि आईच्या बाबतीत सुतावरून स्वर्ग गाठलास? पण बोलणार कोण? त्यानंही पुढे ब्र काढला नाही, यांनीही नाही. आपल्याकडे असल्या गोष्टींवर भांडणसुद्धा होत नाही, नुसता अबोला होतो.

त्याच संध्याकाळी द्वारकाबाईंनी पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि ओंकारेश्वराजवळच्या कचराकुंडीत टाकून आल्या. साखरेच्या गोळ्या मात्र ठेवल्या. त्या संपल्या, तेव्हा नव्या लिहून घ्यायला खांबेटेबाईंकडे जायला हवं होतं. दोनदा चौकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. दवाखान्यावर 'स्त्रीरोग व प्रसूती' अशी हातभर पाटी होती. त्या पाटीखालून बाहेर पडताना योगेशनं बघितलं तर? शेजारणींनी बघितलं तर? विधवा बाई तिथे कशाला, असं कुणी विचारलं, तर लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? जाणं राहिलं ते राहिलंच. दुसरा डॉक्टर गाठता आला असता. पण त्यांच्या लेखी ते सगळं दुखणंच बाटलेलं होतं. साखर, वाफा, डोळे, सगळं एका पाकिटातलं.

मग त्यांनी उपास धरले. सोमवार होताच, त्यात गुरुवार धरला, चतुर्थी धरली, श्रावण तर अख्खाच. एक तर उपासानं साखर आपोआप उतरेल, गोड खाल्लं नाही की झालं, असा सरळ हिशेब. दुसरं म्हणजे पोराला दिसावं, आपली आई कशी आहे ते. हे दुसरं कारण त्यांनी स्वतःलाही कधी सांगितलं नाही, पण मी सांगतो, तेच खरं होतं. आणि उपासाला खायचं काय, तर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, खजूर, केळं. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात, ते काय उगाच? ज्या साखरेवर उपाय म्हणून उपास, तीच साखर त्या स्वतःच्या हातांनी रांधून, देवाला नैवेद्य दाखवून पोटात घालत होत्या. सांगणारं कुणी नव्हतं. सांगणारीच्या दारात जायची चोरी!

वाफा पुन्हा सुरू झाल्या. त्या त्यांनी निमूट सोसल्या, शिक्षा म्हणून. कसली शिक्षा, कुणास ठाऊक. वजन उतरलं, गाल बसले. पेठेतल्या बायका म्हणाल्या, काय हो हे व्रताचं तेज! आणि एका सोमवारी जेवताना योगेशनं किती महिन्यांनी आईच्या तोंडाकडे बघितलं. "आई, हल्ली बरी दिसतेस," तो म्हणाला. "शांत वाटतेस." त्या एका वाक्यावर द्वारकाबाईंनी शनिवारही धरला.

पुढे योगेशचं लग्न झालं, नम्रता घरात आली, आणि नव्व्याण्णवमध्ये दोघं अमेरिकेला गेली. रविवारी फोन यायचा. "तब्येत कशी आहे?" "मला काय धाड भरलीय!" एवढ्यावर विषय संपायचा. इकडे चष्म्याचा नंबर सारखा बदलत होता. चष्मेवाला म्हणाला, "काकू, साखर बघून घ्या एकदा." बाई म्हणाल्या, "बघते हो." सुईत दोरा ओवायला दोन मिनिटं लागायला लागली, मग पाच, मग शेजारच्या कुणाला तरी हाक मारावी लागायला लागली. वय झालं, म्हणाल्या. पन्नाशी नुकती उलटली होती त्यांची! आपल्या बायका दुखणं अंगावर काढतात, आणि वर त्यालाच सोशिकपणा म्हणतात. मला ह्या शब्दाचाच राग येतो.

दोन हजार दोनमध्ये योगेशची तिकडची कामं संपली. दोघं पुण्याला परत आली, वारज्याला फ्लॅट घेतला, आणि आईला मशीनसकट तिथे घेऊन गेली. नम्रताला दिवस गेले होते. द्वारकाबाईंनी ते ऐकलं, आणि त्या दिवशी त्यांनी खरोखर उपास मोडून पेढा खाल्ला.

हिरवा खण त्यांनी किती वर्षं जपून ठेवला होता. बोचकं सोडून तो काढला. दुपारी गॅलरीच्या उजेडात बसून कापला. नम्रता सकाळीच सुया ओवून उशीवर टोचून ठेवायची. "आई, मशीनवर मारा ना, लवकर होईल," ती म्हणाली. "मशीनवर लोकांच्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "ही हातानं."

कुंची जवळजवळ होत आली होती. आतल्या पांढऱ्या अस्तराला टाके घालताना त्यांना अस्तरावर एक काळा दोरा दिसला. चिमटीत धरून टाकायला गेल्या, तर बोटात काहीच आलं नाही. दोरा थोडा पलीकडे सरकला. पुन्हा चिमूट घेतली. पुन्हा सरकला. झटकलं, फुंकर मारली, नखानं खरवडलं. मग त्यांनी मान वर करून भिंतीकडे बघितलं, तर दोरा भिंतीवर. डोळे मिटले, तरी तिथेच. एकाचे दोन झाले, दोनाचा गुंता झाला, आणि बघता बघता सगळ्या भिंतीवरून लालसर काळा पडदा खाली उतरला.

"नम्रता," त्या म्हणाल्या, "दिवे गेले का गं?"

भर दुपार होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. उजव्या डोळ्याचा पडदा ओढला जाऊन सुटलाय, तो बहुधा बऱ्याच दिवसांपूर्वी. दुसऱ्या डोळ्याच्या भरवशावर चाललं होतं म्हणून कळलं नाही. आता त्या दुसऱ्यात रक्त उतरलंय. ऑपरेशन करू, लेझर देऊ, पण आशा फार ठेवू नका. उजेड-अंधार कळेल. वेळेवर आल्या असत्या तर लेझरवर भागलं असतं. साखर किती वर्षांची आहे? औषध कोण देत होतं?

"साखर?" योगेश म्हणाला. "आईला साखर आहे?"

दोन्ही ऑपरेशनं झाली. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, उजेड-अंधार. मग जुनी औषधं कळावीत म्हणून योगेशनं आईकडून डॉक्टरांचं नाव काढून घेतलं आणि तो आईचा हात धरून तिला खांबेटेबाईंकडे घेऊन गेला. त्याच हातभर पाटीखालून. द्वारकाबाई नको नको म्हणत होत्या, पण आता त्यांच्या नकोला विचारतो कोण?

खांबेटेबाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, तोंड मात्र तेच होतं. "या. पाच वर्षांनी आठवण झाली? आणि ही काय दशा?" मग डोळ्यांचे कागद वाचून त्यांनी खाली ठेवले. "का आला नाहीत हो?"

"विसरले," द्वारकाबाई म्हणाल्या.

"विसरलात? काज-बटण विसरत नाही ती बाई डोळे विसरली?" मग त्या योगेशकडे वळल्या. "पाळी गेल्यावर वाफांचा फार त्रास होता ह्यांना. हार्मोनच्या गोळ्या दिल्या होत्या मी, वार छापलेलं पाकीट असतं बघा. गुण आला होता. त्या सोडल्यात त्याचं मला काही नाही, द्वारकाबाई, त्यांच्यावरून आता सगळीकडे वाद चाललेत, मीच बंद केल्या असत्या. डोळे काही त्यांच्यामुळे गेले नाहीत. पण तुम्ही मला सोडलंत. साखरेच्या गोळ्या सोडल्यात, पडदा दाखवायचा सोडलात. कुणी काही बोललं का तुम्हाला?"

द्वारकाबाई टेबलाच्या कडेला हात लावून बसल्या होत्या. योगेशचा श्वास त्यांना ऐकू येत होता.

"कुणी नाही हो," त्या म्हणाल्या. "माझाच आळस."

रिक्षात दोघं बसली. डेक्कन गेलं, नळस्टॉप गेला. कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा शेजारून हुंदका ऐकू आला. रिक्षावाल्यासमोर, भर रस्त्यात, सत्तावीस वर्षांचा बाप्या आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता. "आई, मी... त्या दिवशी मी..."

द्वारकाबाईंनी चाचपत त्याचा चेहरा हातात घेतला. तोंड ओलं झालं होतं, लहानपणी व्हायचं तसं. त्यांना एकदम वाटलं, ओरडावं. म्हणावं, पाच वर्षं रोज मरत होते रे मी. पण ते आलं ओठापर्यंत, आणि तिथून परत गेलं.

"त्यात तुझं काय चुकलं?" त्या म्हणाल्या. "पाकिटावर वार छापलेले होते ना. कुणालाही तसंच वाटलं असतं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो घरी जाऊन दार लावून बसला, तो संध्याकाळी जेवायलाही उठला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या गोळ्या तो स्वतः आईच्या तळहातावर ठेवायला लागला. प्रत्येक गोळीचं नाव मोठ्यानं सांगायचा, कशासाठी आहे तेही सांगायचा. द्वारकाबाई निमूट ऐकून घ्यायच्या. पाच वर्षांपूर्वी त्यानं असं नीट विचारलं असतं, तर आपण तरी सांगितलं असतं का? हा प्रश्न त्यांना रोज पडायचा, आणि रोज उत्तर यायचं, नसतं सांगितलं.

मुलगी झाली. बारशाच्या दिवशी वारज्याचा फ्लॅट बायकांनी भरून गेला. उरलेले टाके नम्रतानं घातले होते. नटवून-सजवून बाळाला कुंची घातली आणि आजीच्या मांडीवर दिलं. द्वारकाबाईंनी बोटं फिरवली. कपाळ, भुवया, नाक, इवलीशी हनुवटी. किती मऊ, आणि किती थोडं कळतं बोटांना! बाळाचा चेहरा एकसंध काही होईना. नुसते तुकडे.

"दीपमाला," पाळण्याशी कुणीतरी नाव पुकारलं. शंख वाजवल्यासारखा बायकांचा गलका झाला. आणि त्या गलक्यातच योगेशच्या सासरची एक म्हातारी पुढे वाकली. आत्या नव्हती, पण आत्याच्याच जातकुळीतली.

"अगंबाई! ही अशी का शिवली? डोकं हिरवं नि पाठ निळी? कापड कमी पडलं होतं का?"

गलका बसला. कुणी कुणाला तरी कोपरानं ढोसलं. नम्रताच्या बांगड्या वाजल्या नि थांबल्या. त्या शांततेवरूनच द्वारकाबाईंना कळलं, की हे सगळ्यांना केव्हापासूनच ठाऊक होतं. बोचक्यात त्या हिरव्याखालीच एक निळा खण होता, तोही हिरव्याबरोबर हाताला आला होता. दुपारच्या उजेडात दोन्ही समोर घेऊन त्यांनी कापले होते, आणि त्यांना दोन्ही हिरवे दिसले होते. उभ्या जन्मात ज्या बाईच्या शिवणीला कुणी नाव ठेवलं नव्हतं, तिनं नाव ठेवण्याजोगी एकच कुंची शिवली, आणि ती ही.

कुणीतरी शेजारी गुडघ्यावर बसलं. योगेश.

"काहीतरीच काय, मावशी," तो म्हणाला. "हिरवीच आहे. आई, हिरवीगार आहे. दोन्हीकडे."

द्वारकाबाईंनी आवाजाच्या दिशेला तोंड केलं. पोरगं खोटं बोलत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या बाजूनं बोलत होतं.

"तुला हिरवी दिसतेय ना?" त्या म्हणाल्या. "मग झालं."

आणि कुंचीची नाडी बाळाच्या हनुवटीखाली घट्ट तर होत नाही ना, ते बोटांनी बघत बसल्या.